पूर्वेच्या खिडकीवरचं कापड

हिवाळ्यात आमच्या खोलीत ऊन यायचं ते पावणेआठला. समोर दोन टॉवर आहेत, त्यांच्या मधल्या फटीतून. अर्धा-पाऊण तास खोलीत रेंगाळायचं, हिच्या पलंगाच्या पायथ्यापासून उशीपर्यंत सरकायचं आणि दुसऱ्या टॉवरमागे निघून जायचं. नोएडात सातव्या मजल्यावर एवढं ऊन मिळणं म्हणजे नशीब, असं सून म्हणायची. फ्लॅट घेतला तेव्हा मुलाने ही खोली मुद्दाम आम्हा दोघांना दिली. त्या खिडकीला मी जाड कापड लावलं. ते घरातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याने काय केलं हे बरेच दिवस फक्त मला ठाऊक होतं, म्हणून मीच ते लिहून ठेवलेलं बरं.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. पण तीस वर्षं गावाकडे अंड्याच्या कोंबड्या सांभाळल्या. दोनशे पक्ष्यांपासून सुरुवात केली, शेवटी पाच हजार होते. त्या धंद्यात कोंबडी कुणी म्हणत नाही, पक्षी म्हणतात. आणि त्या धंद्यात दाण्याइतकाच उजेडाला मान आहे. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेला पक्षी, वाढत असते तोवर उजेड मोजका द्यायचा, मग हळूहळू वाढवत न्यायचा, की पक्षी अंड्यावर येतो. हिवाळ्यात दिवस लहान झाला की पहाटे चारला उठून बल्ब लावायचे. एकदा गावाचा डीपी जळाला आणि आठ दिवस वीज नव्हती. अंडी निम्म्यावर आली. औषध विकणारा आला, दाण्यात खोट आहे म्हणाला. मी म्हटलं, दाणा चोख आहे, पक्ष्याची सकाळ चुकली आहे. बल्ब पूर्ववत झाल्यावरही अंडी जागेवर यायला महिना लागला, पण आली. तेव्हापासून आसपासच्या गावांतले लोक मला विचारायला यायचे. याचा मला ताठा होता. नाही म्हणत नाही.

दुसरी एक गोष्ट त्या धंद्यातलीच. पक्षी बिथरले, एकमेकांना टोचायला लागले, की शेडच्या जाळीवर गोणपाटाचे पडदे सोडायचे. अंधुक झालं की पक्षी बसतो. टोचाटोची थांबते. ते पडदे मी आणि ही मिळून शिवायचो.

हिचं विसरणं सुरू झालं तेव्हा मुलाने शेड विकायला लावली आणि आम्हाला इकडे आणलं. तो आणि सून दोघंही ऑफिसात जातात. साडेआठला घर सोडतात, परत यायला अंधार पडलेला असतो. दिवसभर घरात आम्ही दोघंच. आधी ही माणसांची नावं विसरली, मग मीठ घातलं की नाही ते. जिभेची धार मात्र कायम होती. पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं तेव्हा डॉक्टरने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "माताजी, ये कौन हैं?"

ही मुलाकडे वळून म्हणाली, "ओळखते म्हणून सांगू नकोस हो यांना. डोक्यात हवा जाईल."

मुलाने हिंदीत सांगितलं तेव्हा डॉक्टर खुर्चीतल्या खुर्चीत हसला.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा बिघडली. खिडक्या बंद झाल्या, हवा साफ करणारं मशीन घरघरायला लागलं आणि माझं सकाळचं फिरणं थांबलं. त्याच दिवसांत ही खिडकीशी उभी राहायला लागली. समोरच्या टॉवरच्या बाल्कन्यांत माणसं असायची, कुणी कपडे वाळत घालतंय, कुणी फोनवर बोलतंय. हिला वाटायचं ती आमच्याकडे आली आहेत.

"अहो, मघापासून उभी आहेत ती माणसं. आत बोलवा, चहा तरी द्या."

पहिले काही दिवस आम्ही हसलो. मग ही काचेवर थापा मारायला लागली. ती माणसं आत येत नाहीत याचा राग. एका सकाळी तळहात सुजला. मी धरायला गेलो तर मला नख लागलं. त्या दिवशी मी आठवडी बाजारातून गडद निळं, सोफ्याला वापरतात तसलं जाड कापड आणलं, दुहेरी करून हाताने शिवलं आणि खिडकीला काठोकाठ लावलं. भर दुपारी खोलीत दिवा लावावा लागेल इतका काळोख झाला. ही खुर्चीत जाऊन बसली. काचेवरची थाप बंद झाली.

संध्याकाळी सुनेने पाहिलं. "बाबा, एवढं जाड?"

"थंडी अडते. आणि तो धूरही."

"अच्छा," ती म्हणाली. तेवढ्यात तिचा ऑफिसचा फोन वाजला आणि विषय संपला.

चार दिवसांनी मीच मुलाला म्हणालो, "बघ. गोळी नाही, डॉक्टर नाही. बसली की नाही शांत?"

"मानलं बाबा तुम्हाला," तो म्हणाला. ते वाक्य मी बरेच दिवस जपून ठेवलं होतं.

ही दिवसा झोपायला लागली. मला वाटलं, थकलेला जीव आहे, झोपू दे. खुर्चीत झोपायची, ताटावर झोपायची. पंधरा दिवसांत रात्रीची जाग सुरू झाली. कधी बाराला, कधी एकला उठायची ती उजाडेपर्यंत घरभर फिरायची. दाणा टाकला का, पाण्याची भांडी विसळली का, विचारत राहायची. सगळे सकाळी उठायचे तेव्हा ही आडवी व्हायची. एका घरात दोन गावं झाली होती, एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र. मुलाच्या डोळ्यांखाली काळं आलं. आणि मी, जन्मभर घड्याळाशिवाय पहाटे चारला उठणारा, नऊ-नऊपर्यंत पडून राहायला लागलो. उठल्यावर भूक नाही, दुपारी डोकं जड. तरीही मला दिसलं नाही. शेडमध्ये पाऊल ठेवल्याबरोबर जे ओळखलं असतं, ते स्वतःच्या खोलीत बसून ओळखता आलं नाही.

मुलगा आम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा पहिला प्रश्न हा होता, "सुबह की रोशनी मिलती है माताजी को? कमरे में धूप आती है?"

मग त्याने समजावून सांगितलं. माणसाच्या डोक्यात आत एक घड्याळ असतं. झोप, भूक, अंगाची ऊब, सगळं त्याच्यावर चालतं. पण ते आपलं आपण नीट चालत नाही, रोज थोडं मागे पडतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते पुन्हा जुळतं. म्हातारपणी डोळ्यांतून आत उजेड कमी जातो, आणि या आजारात ते घड्याळही कमजोर होतं. म्हणून अशा माणसाला सकाळचा उजेड इतरांपेक्षा जास्त लागतो. अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर रात्र आणि दिवस उलटे व्हायला वेळ लागत नाही.

मला पुढचं सांगायची गरजच नव्हती. पक्ष्याची सकाळ चुकली आहे. आणि ती मी चुकवली आहे, माझ्या हाताने, दुहेरी शिवून.

"तो बाबूजी? धूप आती है?"

"भरपूर," मी म्हणालो.

मुलगाही मान हलवून म्हणाला, "जी, ईस्ट फेसिंग कमरा है."

तो खोटं बोलत नव्हता. खोली पूर्वेचीच होती. तो साडेआठला बाहेर पडायचा, त्याला ते कापड म्हणजे थंडीचा पडदा, दिवसा मी तो बाजूला करतो असं वाटायचं. खोटं बोललो तो मी. का बोललो? समोर तिशीतला पोरगेला डॉक्टर आणि तो मला उजेडाबद्दल शिकवत होता. मला, ज्याला गावंच्या गावं विचारायला यायची. त्याच्यासमोर, मुलासमोर, हिच्यासमोर कसं म्हणायचं की मला एवढंही कळलं नाही?

डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं. उजेड मिळतोय, म्हणजे मग आजारच पुढे सरकला आहे, म्हणाला. रात्रीची एक गोळी दिली.

दुसऱ्या सकाळी दोघं ऑफिसला गेल्यावर मी कापड काढून कपाटात कोंबलं. मनात म्हटलं, आता आपोआप जुळेल, कुणाला काही सांगायची गरज नाही. पण त्या आठवड्यात असं धुकं पडलं की समोरचे टॉवर दिसेनात. आणि उजेड आला असता तरी ही त्या वेळी डोळे मिटून गाढ झोपलेली. मिटल्या डोळ्यांना काय उजेड? तिला उठवून, तोंड धुऊन, खाली मोकळ्यावर नेऊन बसवायला हवं होतं. मी दोन दिवस प्रयत्न केला. ही हात झटकायची, शिव्या द्यायची, माझ्या एकट्याच्याने पलंगावरून उठवेना. गोळीने रात्रीची झोप आली नाहीच, पाय मात्र दिवसभर लटपटायला लागले. मग माझं मन मला सांगायला लागलं, कापड काढून आठ दिवस झाले, फरक नाही, म्हणजे कापडाचा दोष नसेल. डॉक्टर म्हणतो तेच खरं. आजारच वाढला. डीपीच्या वेळी महिना लागला होता, हे तेव्हा आठवायला हवं होतं. मला ते आठवायचं नव्हतं.

मग एके पहाटे ही दार उघडून लिफ्टने खाली गेली. गार्डने तिला गेटजवळ गाठलं, अनवाणी, अंगावर शाल नाही. सकाळी मुलगा जेवणाच्या टेबलाशी बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, आता घरी नाही जमणार."

मानेसरच्या अलीकडे अशा माणसांना सांभाळणारी एक जागा त्याने शोधली होती. दोन महिने ठेवून बघू म्हणाला. रविवारी आम्ही पाहून आलो. जागा स्वच्छ होती, माणसं वाईट नव्हती. पण लांबच लांब व्हरांडा, दिवसाही ट्यूबलाइट लावलेल्या, आणि हिला देणार होते त्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडत होती. मी हात बाहेर काढला तर भिंतीला लागला. तिथली बाई म्हणाली, "यहाँ आके सब सो जाते हैं, अंकल जी."

एक म्हातारा व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसला होता, सकाळचे अकरा वाजले होते, आणि त्याची मान छातीवर पडली होती.

त्याच संध्याकाळी मुलगा फॉर्म भरायला बसला. सोमवारी सकाळी द्यायचा होता. सून शेजारी. ही खुर्चीत डुलक्या घेत होती. वय, वजन, कुठल्या गोळ्या, भरत भरत तो एका ठिकाणी थांबला.

"झोपेचा त्रास कधीपासून? दिवाळीनंतरच ना बाबा?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. दिवाळीनंतर हे खरंच होतं. सकाळी फॉर्म गेला असता, ही गेली असती, आणि कुणी मला कधी काही विचारलं नसतं.

"कापड लावलं तेव्हापासून," मी म्हणालो.

"कसलं कापड?"

"खिडकीचं. निळं."

मी सगळं सांगितलं. काचेवरच्या थापा, गोणपाट, अंधुक केलं की पक्षी बसतो ते, आणि डॉक्टरने विचारलं तेव्हा मला कळलं होतं ते.

"तुम्हाला तिथेच कळलं होतं?" मुलगा हळू म्हणाला.

"हो."

"आणि तुम्ही भरपूर म्हणालात. मी शेजारी बसलो होतो, बाबा. मी वर ईस्ट फेसिंग सांगितलं. तो माणूस माझ्या आईला गोळ्या देत होता!"

"पक्ष्यांना चालतं ते. मला वाटलं..."

"आई काय कोंबडी आहे?"

एवढ्या मोठ्याने तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. सून म्हणाली, "अरे, हळू." आणि खुर्चीतून हिने डोळे उघडले.

"कोण ओरडतंय? जेवलेत का हे सगळे? भांडायचं तर जेवून भांडा."

कुणी हसलं नाही. मुलगा उठून बाल्कनीत गेला आणि त्या घाण हवेत बराच वेळ उभा राहिला. सुनेने फॉर्म घडी घालून बाजूला ठेवला. मला म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना फोन तुम्हीच करा. तुमच्या तोंडाने."

सकाळी केला. माझं हिंदी तोडकंमोडकं. म्हटलं, "डॉक्टरसाब, मैं झूठ बोला. खिडकी बंद थी. मैंने बंद की थी."

त्याने कधी लावलं, कधी काढलं, सगळं विचारलं. गोळी बंद करायला सांगितली. रोज ठरलेल्या वेळी उठवा, उठल्यावर तासाभरात बाहेर न्या, धुकं असलं तरी न्या, धुक्यातला उजेडही घरातल्या ट्यूबपेक्षा जास्त असतो. हवा फारच वाईट असेल त्या दिवशी खिडकीला चिकटून बसवा. दुपारनंतर झोपू देऊ नका. मी विचारलं, हे जे बिघडलं, त्यातलं आजाराचं किती आणि माझं किती?

"ये कोई नहीं बता सकता, बाबूजी."

सुनेने ऑफिसात सांगून सकाळचे दोन तास मागून घेतले. मुलाने त्या जागेवाल्यांना एक महिना थांबायला सांगितलं. एक महिनाच, हे त्याने मला दोनदा ऐकवलं. सात वाजता तिघांनी मिळून हिला उठवायचं. पहिले दिवस हाल होते. सुनेला म्हणायची, "कुठली मेली सटवी आली आहे, झोपू देत नाही." सून म्हणायची, "आले आहे खरी, आता चला." स्वेटर, कानटोपी, तोंडाला मास्क, आणि खाली लिफ्टशेजारच्या बाकावर पूर्वेकडे तोंड करून बसवायचं. गार्ड चहाचा कप धरून बघत राहायचा. काही दिवशी सूर्य म्हणजे नुसता पांढरा डाग. एक दिवस मला खोकल्याने इतकं धरलं की सुनेने मलाच वर जायला सांगितलं. मी गेलो नाही. मी नाही बसलो तर ही उठून चालायला लागायची.

तिसऱ्या आठवड्यात ही रात्री दहाला झोपली आणि चारला उठली. मग पुन्हा दोन रात्री वाईट. मग सलग चार बऱ्या. महिना भरला तेव्हा मुलाने त्या जागेवाल्यांना फोन करून नको म्हणून सांगितलं. मी तिथेच बसलो होतो. मला त्याने काही सांगितलं नाही, पण दुसऱ्या खोलीत जाऊनही बोलला नाही.

झोप परत आली. बाकीचं सगळं नाही आलं. दिवाळीत हिने मुलाला ओवाळलं होतं, त्याच्या लहानपणीच्या आठवणी काढून चिडवलं होतं. आता ती त्याला साहेब म्हणते. बाकावर तो शेजारी बसतो तेव्हा ही सावरून बसते, पदर नीट करते, विचारते, "साहेब, तुम्ही कुठले?" तो आमच्या गावाचं नाव सांगतो. "अय्या, आमच्याच तिकडचे की!" म्हणून ही खुश होते. तो मान दुसरीकडे वळवतो. तो विसर आजाराचा की त्या काळोख्या दिवसांचा, कुणी सांगू शकत नाही म्हणे. मला रोज सकाळी वाटतं, मला माहीत आहे. दुपारपर्यंत वाटतं, नाही.

घरात आता डॉक्टरचं सगळं मुलगा बघतो. एक वही केली आहे, त्यात कधी झोपली, कधी उठली ते तो लिहितो. मला विचारत नाही. मध्यंतरी तपासणीला गेलो तेव्हा त्याने वहीतून वाचून दाखवलं, पंधरा दिवसांत रात्री एकदाही उठलेली नाही. डॉक्टर खूश झाला. गोळीशिवाय चाललंय म्हणाला, असंच चालू द्या. मुलगा उठायला लागला.

पण मंगळवारी ती उठली होती. दोन वाजता उठून पाचपर्यंत खोलीत फिरली होती. मी दाराला आतून कडी घालून तिच्यामागे फिरत राहिलो आणि सकाळी कुणाला बोललो नाही. पुन्हा त्या फॉर्मची गोष्ट निघेल, या भीतीने.

मी बसून राहिलो. मुलगा म्हणाला, "चला बाबा."

"मंगळवारी तीन तास जागी होती," मी म्हणालो. आधी मराठीत त्याला, मग डॉक्टरला हिंदीत.

मुलगा दाराशी थांबला. परत येऊन खुर्चीत बसला. वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "किती वाजल्यापासून?"